ठोकळा लावला का?

बसा जरा. वीज काही लवकर येत नाही, आणि अंधारात पाने-पक्कड शोधत बसलात तर सकाळी मलाच तुमची बोटं मोजावी लागतील. आणि तू रे भाच्या, मघाशी मोठ्या ऐटीत सांगत होतास, चढावर एकट्यानं पिकअपचं चाक बदललं म्हणून. शाबास. आता दुसऱ्या एका पिकअपची गोष्ट ऐक. माझ्या मनची नाही ही. ज्याच्यावर बेतलं तो याच स्टुलावर बसून मला सांगून गेलाय, आणि शेवटचं तर मी या डोळ्यांनी पाहिलंय.

दोघे भाऊ होते, थोरला आणि धाकटा. दोघांत मिळून एक जुनी पिकअप, दुरुस्तीला माझ्याकडेच यायची. तिची एक खोड होती. स्टेपनी मागे, चेसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या पोटाला साखळीनं टांगलेली. माल भरलेला असताना मागचं चाक बसलं की गाडी इतकी खाली यायची की स्टेपनी काढायला हातही आत जायचा नाही. म्हणून हे दोघे उलटा कारभार करायचे. आधी जॅकवर गाडी उचलायची, मग एकानं खाली झोपून साखळी सोडायची. मी कानीकपाळी ओरडायचो, बाबांनो, जॅक उचलायला असतो, त्याच्या भरवशावर खाली झोपायला नाही. थोडा माल उतरवा, स्टेपनी आधी बाहेर काढा, ती चेसीखाली आडवी सरकवा. मग जॅक निसटला तरी गाडी तिच्यावर बसेल, माणसावर नाही. पण पालथ्या घड्यावर पाणी.

बरं, निदान एक नियम ते पाळायचे. हँडब्रेक लागतो मागच्या चाकांना, आणि मागचं एक चाक उचललं की निम्मा ब्रेक हवेत गेला. म्हणून पुढच्या चाकाला लाकडी ठोकळा. खाली जाणारा विचारायचा, "ठोकळा लावला का?" वरचा म्हणायचा, "लावला." की हा आत. मान वळवली तर खालूनही पुढचं चाक दिसतं, पण भावाचा शब्द असताना कोण मान वळवतो?

आणि एका रात्री थोरला खाली असताना गाडी जॅकवरून सुटली. जागच्या जागी गेला तो.

धाकटा रडत सांगायचा, "मी म्हटलं, दादा थांब, ठोकळा लावतो. ऐकलंच नाही. घाई नडली त्याला." सगळ्यांनी मानलं. वहिनींनीही, म्हणजे थोरल्याच्या बायकोनंही मानलं, आणि तिथेच त्यांचं मन कडू झालं. नवरा गेल्याचं दुःख वेगळं, आणि स्वतःच्या हट्टापायी आपल्याला उघड्यावर टाकून गेला हा राग वेगळा. मुलांसमोर म्हणायच्या, "तुमचे वडील क्षणभर थांबले नाहीत. आपली आठवणसुद्धा आली नाही."

वहिनींचा भाऊ, म्हणजे थोरल्याचा मेहुणा, मग त्या गाडीवर धाकट्याच्या जोडीला लागला. धाकट्यानं वहिनींच्या घरात काही कमी पडू दिलं नव्हतं, हेही खरं. बहिणीला कधी शंका आली तर मेहुणाच तिला गप्प करायचा. "ताई, दीर नाही तो, देवमाणूस आहे."

वर्ष होत आलं. गुरुवारची रात्र. लोखंडी कपाटं भरून दोघे निघाले, सकाळी दुकान उघडायच्या आत पोचवायची होती. गाडीत गप्पा चालल्या होत्या. दीड वाजून गेला होता, आणि एका लांब उतारावर मागचं डावं चाक बसलं.

मेहुण्यानं नट सैल केले, जॅक लावला, गाडी उचलली. धाकटा टॉर्च घेऊन पुढच्या चाकापाशी, बाजूला उभा. आत सरकण्याआधी मेहुण्यानं विचारलं,

"ठोकळा लावला का?"

"लावला."

मेहुणा पाठीवर सरकत आत गेला. साखळी गंजली होती. दोन्ही हातांनी ओढू लागला.

तेव्हा त्याला वाटलं, शेजारी कोणीतरी आहे.

खाली. त्याच्या बाजूला. पाठीवर झोपलेलं.

श्वास ऐकू येत होता. जड... छातीवर ओझं असल्यासारखा.

मेहुण्याचे हात थांबले. मान वळवायची हिंमत होईना.

मग आवाज आला. अगदी कानाजवळ. पण मेहुण्याशी नाही. टॉर्च धरलेल्या माणसाशी.

"बघून सांग."

टॉर्चचा उजेड पुढच्या चाकाकडे वळला.

"बघून... सांग."

"दादा..." धाकट्याचा आवाज फाटला. "दादा, तेव्हा फोन आला होता रे. लावणारच होतो. तू विचारलंस... आणि तोंडातून निघून गेलं..."

मेहुण्यानं मान वळवली. पुढच्या चाकावर उजेड पडला होता.

ठोकळा नव्हता.

आजही नव्हता.

त्या क्षणी भीती नाही वाटली म्हणे त्याला. वाटलं, या माणसासाठी मी सख्ख्या बहिणीचं तोंड बंद केलं. आणि यानं भावाला दिला तोच शब्द मला दिला. तसाच. न बघता.

गाडी हलली. जॅक कलला... निसटला... रस्त्यावर वाजला.

गाडी खाली आली नाही.

जॅक आडवा पडलेला. मागचं चाक हवेत. कपाटांनी भरलेली गाडी... तशीच. शेजारचा श्वास घुसमटत होता.

मेहुणा कोपरांवर सरकला. खांदे बाहेर. कंबर. पाय.

तो पूर्ण बाहेर आला, आणि गाडी धाडकन बसली. घसरत जाऊन कठड्याला टेकली.

रस्त्यावर कोणीच नव्हतं. धाकटा कडेला बसला होता, टॉर्च मांडीत घेऊन.

सकाळी गाडी ओढून इथे आणली. मेहुण्याबरोबर वहिनी आल्या. धाकटा तिथे, दारात उभा राहिला. वहिनी ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भावोजी, गेलेल्या माणसाशी मला वर्षभर भांडायला लावलंत." तो मान खाली घालून निघून गेला. पुन्हा आमच्या गॅरेजकडे फिरकला नाही.

मी गाडी वर घेतली. पोटाला चिखलाचा आणि ग्रीसचा जाड थर. त्यात स्टेपनीच्या बाजूला दोन पंजे उमटलेले. खालून वर रेटल्यासारखे. मी म्हटलं, मेहुण्याचेच असतील. त्यानं हात लावून पाहिला. त्याचा पंजा त्यात सहज मावला, वर जागा उरली.

वहिनी म्हणाल्या, "पुसून बघा. आता मी नुसत्या सांगण्यावर काही मानणार नाही."

डिझेलमध्ये फडकं भिजवून मी सगळा थर पुसून काढला. खाली स्वच्छ लोखंड लागलं.

पंजे तसेच होते.

चेसीचं लोखंड ते, पोरांनो. मी त्याच्यावर हातोडे मोडलेत. त्यात दहा बोटं खोल रुतलेली.

वहिनी गाडीखाली आल्या. त्यांनी हात वर केले आणि आपली बोटं त्या खळग्यांत ठेवली, एकेक करून. बराच वेळ त्यांनी हात काढले नाहीत.