काकांना भेटायला आलेले गृहस्थ

काका गेल्यावर काकूला माझ्या घरी आणायचं, एवढंच काम होतं. रात्रीबित्रीची गोष्ट नाही ही. जे झालं ते भर दुपारी, खिडकीतून ऊन आत येत असताना झालं.

काका लष्करातून निवृत्त झालेले. माणूस इतका मऊ, की कुणीही यावं आणि टपली मारून जावं. शेजाऱ्याचा नळ दुरुस्त कर, कुणाच्या म्हाताऱ्या बापाला दवाखान्यात ने, थंडीत स्वतःचं पांघरूण दुसऱ्याला दे. लोकांनी ओरबाडलं त्यांना, आणि मला त्या लोकांचा अजून राग आहे. एक मात्र होतं. ते कुणालाही ‘थांब’ म्हणत नसत. औषध आणायला समोरच्या दुकानात जायचं, तरी रोग्याला हाताला धरून सोबत नेत. मी चेष्टा करायचो. काका हसत नसत.

काकू आत पिशवी भरत होती. मी बाहेरच्या खोलीत आलो, तर खुर्चीत एक गृहस्थ बसलेले. दार मीच आतून लावलं होतं. एवढ्या उकाड्यात त्यांच्या अंगात जाड लष्करी कोट, आणि खोलीभर ओल्या मातीचा वास.

“आता काय हवंय?” मी खेकसलो.

“फार दयाळू माणूस,” ते हळू आवाजात म्हणाले. “लढाईत मी समोरच्या बाजूला होतो. पोटात गोळी लागलेली. त्यानं मला स्वतःचं पाणी पाजलं. त्याचा हा कोट मला घातला. म्हणाला, इथंच थांब... माणसं घेऊन परत येतो.”

“मग?”

“थांबलो.”

मी दाराकडं पाहिलं, कडी आतून लावलेलीच होती.

“आता तो येणार नाही,” ते म्हणाले. “घरातलं कुणीतरी यायला हवं.”

तेवढ्यात काकू पिशवी घेऊन बाहेर आली. गृहस्थांनी तिचं मनगट धरलं. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. ओठ निळे पडू लागले. मी तिला ओढलं, सगळा जोर लावला. ती जागची हलली नाही.

“तिला सोडा!” मी ओरडलो. “मी येतो... हिला घरी पोचवून येतो. तुम्ही थांबा.”

हात सुटला.

“बरं,” ते म्हणाले आणि परत खुर्चीत बसले.

रिक्षात काकू पुटपुटली, “तुकडीला मागं फिरायचा हुकूम आला रे... तुझ्या काकांना त्याच्याकडं परत जाऊ दिलं नाही. जन्मभर जळत राहिले.”

काकू वाचली. आत झोपली आहे. तिचं मनगट मात्र अजून गार लागतं. मी परत गेलो नाही. भेकड म्हणा, काही म्हणा, कोण जाईल? ते घर दलालामार्फत भाड्यानं देऊन टाकलं. भाडेकरू आज सकाळीच राहायला आला.

मघाशी त्याचा फोन आला. तेव्हापासून मी दिवा विझवलेला नाही, आणि तुम्हालाही उठू दिलेलं नाही.

“तुमचे एक पाहुणे इथं बसून होते,” तो म्हणाला. “आत्ताच उठून गेले. म्हटलं, दलालाला विचारून तुमचा पत्ता देतो... तर नको म्हणाले.”