कबुतरवाल्याची साक्ष

युनूस प्रयोगशाळेत आला तो शर्टाच्या आत कबुतर दडवून. शुक्रवारच्या बाजारातून आणलेली पांढरी मादी. छतावरच्या आपल्या थव्यात सोडण्याआधी तिच्या घशात रोग नाही ना, एवढंच त्याला हवं होतं. प्रयोगशाळेतल्या हनीननं चोच उघडून ओला बोळा फिरवला नि दोन नळ्यांत बुडवला. एकीत जंतूंचं नेहमीचं खाद्य, दुसरीत तिनं स्वतः बनवलेलं. जंतू कशात नीट वाढतात, हाच तिचा अभ्यास.

"एका घशाला दोन नळ्या? एवढा अविश्वास?"

"पाच दिवस थांबा. कोणती खरं बोलते ते कळेल."

"मग रोज येतो, डॉक्टरीणबाई."

"कबुतर रोज आणायची गरज नाही."

"कबुतराचं कोण बोलतंय…"

हनीन मान खाली घालून हसली. घरी मात्र तिनं युनूसचं नाव काढताच बाबा भडकले. "कबुतरवाला? अगं, अख्ख्या मोसुलात त्यांची साक्ष काझी धरत नाही! दुसऱ्याचं पाखरू पकडतात नि शपथेवर नाही म्हणतात. छत रिकामं केल्याशिवाय त्यानं माझ्या दारात यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पहिली, नेहमीच्या खाद्याची नळी स्वच्छ होती; दुसरी पाहायची अजून बाकी होती. समोर युनूस, डोळ्यांत सगळा जीव आणून उभा. त्याला हसताना बघायचा मोह तिला आवरला नाही…

"काही नाही हो. सोडा तिला थव्यात."

मग ईदची सुट्टी लागली. परतल्यावर तिनं दुसऱ्या नळीतला थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जंतू नुसते वळवळत होते!

ती धावत त्याच्या छतावर गेली. सगळा थवा त्या पांढऱ्या मादीबरोबर एकाच परातीतलं पाणी पीत होता. औषध पाजलं, पण उशीर झाला होता. आधी पिल्लं गेली, मग मोठी. पंधरवड्यात चाळीसच्या चाळीस पाखरं संपली.

पुढच्या गुरुवारी युनूस नवा सदरा घालून बाबांसमोर बसला. छत खरंच रिकामं होतं. बाबांनी आनंदानं चहा मागवला नि लग्नाला होकार दिला.

हनीन चहा घेऊन आली. बाबा साखर आणायला आत गेले तशी तिनं विचारलं, "खरं सांग… माझ्यामुळेच गेली ना ती पाखरं?"

युनूसनं खिडकीबाहेरच्या आभाळाकडे पाहिलं.

"नाही गं. शपथ."

आता तो कबुतरवाला राहिला नव्हता; त्याची साक्ष धरली जाण्याचा तो पहिला दिवस होता, आणि तो धडधडीत खोटं बोलला होता. हनीनला ते कळलं. तिनं त्याच्या पेल्यात चहा ओतला आणि ती रडू लागली.