आधीच आलेलं हसू

चष्म्याची काडी तुटली म्हणून सुचिता नेरूळ स्टेशनासमोरच्या दुकानात शिरली आणि काउंटरमागे तिला रूपेश दिसला. तिचे पाय दारातच थबकले. या मुलाला ती चार महिने रोज आठ तास बघत होती... आणि तो तिला ओळखतही नव्हता.

सुचिता रबाळ्याच्या एका स्टुडिओत एडिटर होती. दिग्दर्शिका वैशालीताई पाच ट्रान्स मुलामुलींच्या मागे सहा वर्षं कॅमेरा घेऊन फिरल्या होत्या. त्यांच्या वाढीवरचा माहितीपट सुचिता जोडत होती. त्या पाचांतला एक रूपेश. जवळच्याच सारसोळे गावात मुलगी म्हणून वाढलेला, आणि सोळाव्या वर्षी कॅमेऱ्यासमोर ताठ बसून ‘मी मुलगा आहे’ असं सांगणारा. ताईंचा नियम कडक होता. कट पक्का होईपर्यंत एडिटरनं फिल्ममधल्या कुणाला भेटायचं नाही. ओळख झाली की कात्री अडखळते.

म्हणजे सुचितानं तिथूनच मागे फिरायला हवं होतं. ती खुर्चीत जाऊन बसली.

“डोळ्यांवर लय ताण आहे तुमच्या,” डोळे तपासायच्या यंत्रातून बघत तो म्हणाला. “काय बघता एवढं दिवसभर?”

‘तुलाच’ हे उत्तर तिनं कसंबसं गिळलं. “एडिटिंग करते... लग्नाचे व्हिडिओ.”

“मग बरोबर. दुसऱ्यांची लग्नं बघून डोळे दुखणारच.”

“तुमच्याकडे त्याच्यावर औषध आहे?”

“आहे ना. पण एका भेटीत गुण येत नाही. पुढच्या शनिवारी या.”

ती गेली. त्यापुढच्या शनिवारीही गेली. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. दुकान सुटलं की तलावाकाठी भेळ, आणि भेळ संपली तरी न संपणाऱ्या गप्पा. घरी जाताना मात्र सुचिताला रोज स्वतःची लाज वाटायची. उद्या सांगू, असं ती रोज म्हणायची.

एका रविवारी त्यानंच सांगितलं. भेळेचा कागद हातात चुरगळत, तिच्याकडे न बघता – तो कोण आहे, कसा वाढला. आवाज कापत होता. आणि सुचिता? तिनं डोळे मोठे केले. पहिल्यांदाच ऐकतेय असं दाखवत “मला काही फरक पडत नाही रे” म्हणाली. फरक खरंच पडत नव्हता. पण ते नवल खोटं होतं, आणि त्या खोटेपणानं तिचा रात्रभर डोळा लागला नाही.

पुढच्या भेटीत तो मोकळा होऊन आजीचं सांगत होता.

“पहिल्यांदा पॅन्ट घालून आजीसमोर गेलो ना, फुल टेन्शन. तिनं पेटीतून आजोबांचा सदरा काढला, माझ्या हातात दिला, आणि म्हणाली...”

तो थांबला. आणि सुचिता खळखळून हसली.

“मी अजून सांगितलंच नाय,” रूपेश म्हणाला.

फिल्ममधली ही जागा तिनं निदान चाळीस वेळा कापली-जोडली होती. ‘बटना नीट लाव, तुज्या आज्याला मरेपरत नाय जमली’ हे गोजराआजीचं वाक्य तिला पाठ होतं. आता लपवून उपयोग नव्हता. खाली मान घालून तिनं सगळं सांगून टाकलं.

“म्हणजे त्या रविवारी तुला माहीत होतं,” तो हळूच म्हणाला. “सगळ्या गावानं माझं मला न विचारता ऐकलं. एकच माणूस असं होतं ज्याला मी स्वतः, कॅमेरा नसताना सांगितलं, माझ्या मनानं. ते पण तू ठेवलं नाहीस.”

तो उठून गेला. त्याला हाक मारायचं तोंडही तिला उरलं नव्हतं.

शनिवारी कच्चा कट बघायला पाचही जण स्टुडिओत येणार होते. नको वाटेल ते काढायला सांगायचा हक्क त्यांचा होता. सुचितानं सकाळीच ताईंना सगळं कबूल केलं, बोलणी खाल्ली. रूपेश आला. फिल्म शेवटपर्यंत बघितली. काही काढायचंय का, असं ताईंनी विचारल्यावर त्यानं नकारार्थी मान हलवली. बाकीचे चहाला गेले, तो गेला नाही.

“बस इथं,” त्यानं मोबाईल तिच्यासमोर धरला. रेकॉर्डिंगचा लाल ठिपका लागला होता. “सहा वर्षं मीच बोललो. आता तू बोल.”

सुचिताचे कान तापले. “मला लाज वाटतेय... कॅमेऱ्याची नाही, माझी. तू थरथरत सांगत होतास आणि मी नाटक केलं. अनोळखी म्हणून तुला आवडत होते, ते सोडवेना. आणि तू मला आवडतोस. स्क्रीनवरच्या मुलाची मला काळजी वाटते. आवडतो तो दुकानातला, बारीक स्क्रू बसवताना जीभ बाहेर काढणारा. तो कुठल्याच फुटेजमध्ये नाही.”

त्यानं ताईंच्याच सुरात विचारलं,

“काही काढायचंय यातलं?”

“नको. राहू दे सगळं.”

रूपेशनं खुर्ची ओढली आणि तिच्या गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसला. मोबाईल मात्र खाली ठेवला नाही.

“मला तुझं काहीच माहीत नाही, सुचिता. पहिल्यापासून सांग. लाज वाटेल ते आधी.”

सुचितानं बालवाडीपासून सुरुवात केली. ताई दिवे बंद करायला आल्या तेव्हा ती जेमतेम पाचवीत पोचली होती.