तिसऱ्या रांगेतलं गोणपाट

माझ्या खुर्चीवर गोणपाट होतं आणि गोणपाटावर एक माणूस बसला होता.

सांगा आता. खरा बॅले बघायला मी आयुष्यात पहिल्यांदा पुण्याला आले होते. त्याआधी जो काही बघितला तो मोबाईलवर, सणसवाडीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, खिडकीला डोकं टेकून. त्या तिकिटासाठी मी शिफ्ट बदलून घेतली, पप्पांची मनधरणी केली, शिरूरहून भर उन्हात निघाले, नवी जांभळी ओढणी घेतली... आणि तिसऱ्या रांगेत, अगदी मधोमध, माझ्या जागेवर हे महाशय. पांढरा शर्ट, कॉलरमध्ये अडकलेली शेवंतीची पिवळी पाकळी, आणि चेहरा असा निवांत की सभागृह यांच्याच शेतात बांधलंय.

"उठा," मी म्हटलं. "ही माझी जागा आहे."

त्यानं वर बघितलं. डोळे काळेभोर, आणि अजिबात न घाबरलेले.

"सकाळीच टाकलंय पोतं," तो म्हणाला. "तवा इथं चिटपाखरू नव्हतं."

मी तशी भांडकुदळ नाही. पण त्या दिवशी भांडले. तेव्हा कळलं की हा कवठे येमाईचा सत्यजीत, घरची फुलांची शेती. सभागृहाच्या दाराशी सजावट करायची फुलं घेऊन हा सकाळी आला होता, आणि तिथल्या कुणीतरी खूश होऊन त्याला एक पास दिला. त्याच्या गावच्या जत्रेत लोक सकाळीच स्टेजपुढं आपलं पोतं अंथरतात आणि खुशाल शेतात निघून जातात. संध्याकाळी खेळ सुरू होईपर्यंत त्या पोत्यावर कुणी बसत नाही. यानं इथंही तेच केलं. खुर्च्यांना नंबर असतात हे त्याच्या गावीच नव्हतं. पासवरचा आकडा त्याला पावतीचा वाटला होता, आणि त्याची खरी जागा होती पार शेवटच्या रांगेत.

त्यानं मुकाट्यानं पोतं गुंडाळलं. तो एवढा ओशाळला की माझाच राग उतरला. दौंडला दिलेली माझी मैत्रीण गौतमी यायची होती, पण तिच्या बाळाला ताप आला आणि तिचं तिकीट माझ्याकडे पडून होतं. मी शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "बसा इथंच. पण मध्ये बोलायचं नाही."

तो बसला. पडदा वर गेला.

गोष्ट साधी होती, मीठ विकणाऱ्या एका मुलीची. पण ती मुलगी पायाच्या अंगठ्यांवर उभी राहिली आणि निळ्या उजेडात अलगद सरकत गेली, तेव्हा मला श्वास घ्यायचं सुचेना. काय ते पाय, काय ती मान... शेजारी बघितलं तर हा पुढं झुकलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट. बोलायचं नाही असं बजावलं होतं, तरी अगदी हळू म्हणाला, "पाय दुखत नसतील का हो हिचे?"

"दुखतात. रक्त येतं कधीकधी."

"आन् तोंडावर बगा... काय सुदिक न्हाई."

त्यानंतर मी खरं सांगते, स्टेजपेक्षा त्याच्या चेहऱ्याकडे जास्त बघितलं. कौतुक करणारा माणूस इतका सुंदर दिसतो हे मला माहीतच नव्हतं.

शिरूरला आमचा नाचवेड्यांचा एक कट्टा आहे. रविवारी दुपारी सुलक्षणाताईंच्या घरी जमतो. त्या शाळेत खेळाच्या बाई होत्या, आता टीव्हीपुढं बसून जगभरच्या नर्तकांना शिकवतात. आम्ही रेकॉर्डिंग बघतो, भेळ खातो आणि कुणाची उडी हलकी यावर हमरीतुमरीवर येतो. मी सत्यजीतला सहज म्हटलं होतं, या कधी. पुढच्याच रविवारी तो ओंजळभर शेवंती घेऊन दारात उभा. मग येतच राहिला. नावं त्याच्या लक्षात राहत नसत. तो म्हणायचा, "ती मागल्या वेळची वाऱ्यावानी पोरगी लावा." सगळ्यांना बरोबर कळायचं. सुलक्षणाताई तर म्हणाल्या, एवढ्या वर्षांत असा बघणारा माणूस घरात आला नव्हता.

एकदा मी ताईंच्या स्वयंपाकघरात चहा करत होते. आसपास कुणी नाही असं बघून ओट्याला धरलं आणि टाचा उचलल्या. मोबाईलवर बघून बघून एवढं यायला लागलं होतं. हात वर, मान लांब... वळले तर दारात हा, रिकामा कप घेऊन.

मी झटकन टाचा टेकवल्या.

"का टेकवल्या? अजून जरा ऱ्हावा की."

"चहा उतू जाईल."

"जाऊ द्या."

चहा गेलाच उतू. शेगडी पुसताना माझे कान इतके तापले होते की गौतमीनं फोनवरूनही ओळखलं. म्हणाली, बाई, तू कामातून गेलीस. मी तिला दोन शिव्या घातल्या आणि पुढच्या रविवारी मुद्दाम जांभळी ओढणी घेतली.

तो मात्र त्यापुढं चकार शब्द बोलेना. आणि तेवढ्यात कंपनीनं माझी चेन्नईच्या ट्रेनिंगसाठी निवड केली. एक वर्ष. मीच धडपडून नाव दिलं होतं, मला जायचंच होतं. पण हा काही बोलल्याशिवाय जायचं नव्हतं. कट्ट्यावर बातमी सांगितली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि हा म्हणाला, "चांगलं झालं की." मग गाडीत फुलं सुकतील म्हणून निघून गेला. फुलं म्हणे. असा संताप आला मला.

जाण्याआधीच्या शनिवारी पुण्यात पुन्हा बॅले होता. या वेळी मोकळ्या मैदानात, खुर्च्यांना नंबर नाहीत. कट्टा पुढं गेला, मी कामावरून परस्पर जाणार होते. आणि कोरेगाव भीमाला गाड्या अशा अडकल्या की हलेनात. मी पोचले तेव्हा मध्यंतर झालं होतं. माणसं कडेनं उभी राहून बघत होती. ही शेवटची संध्याकाळ, आणि मी ती पार घालवली. रडूच यायला लागलं.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत, मधोमध, मला गोणपाट दिसलं. एवढ्या गर्दीत ती एकच खुर्ची रिकामी, आणि शेजारी सत्यजीत. सुलक्षणाताईंनी नंतर सांगितलं की तो दुपारपासून बसून होता. किती जण आले, भांडले. एक बाई तर आयोजकांच्या साहेबांना घेऊन आल्या. हा सगळ्यांना एकच सांगत होता, माणूस यायचाय.

मी जाऊन उभी राहिले. "मी आलेच नसते तर?"

"रिकामी ऱ्हायली असती." त्यानं पोत्यावरची धूळ झटकली. "बसा."

मी बसले. दिवे मंद झाले. तो स्टेजकडे बघत बोलायला लागला, इतकं हळू की मला झुकावं लागलं.

"प्रांजल... तुम्ही मला लई आवडता. उठा म्हणालात ना, तवापासून. जाऊ नका म्हणणार न्हाई मी. जावा. तुमची जागा म्या धरून ठिवतो."

मी त्याचा हात धरला, खरबरीत, शेवंतीच्या वासाचा, आणि खेळ संपेपर्यंत सोडला नाही.

बाहेर त्याची पिकअप उभी होती. मी दार उघडलं, गळ्यातली जांभळी ओढणी काढली आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर नीट अंथरली.

"काय करताय?"

"जागा धरतेय. मी परत येईपर्यंत इथं कुणी बसायचं नाही."

तो मान खाजवत बघत राहिला. "आन् आईला बाजाराला न्यायचं असलं, म्हंजी?"

"आई बसल्या तर चालेल. पण ओढणी कुणाची ते त्यांना सांगायचं."

त्यानं ओढणीची एक दुमडलेली कड हातानं सरळ केली.

"व्हय," तो म्हणाला. "घरी गेल्या गेल्या सांगतो."