जरीपटका शेवटच्या वळणावर

ही गोष्ट खरी आहे. खोटी असती तर तिच्यात मी स्वतःला जरा बरं दाखवलं असतं.

मागच्या दसऱ्याची दुपार. जागा, ग्वाल्हेर. इंदरगंजच्या मागच्या गल्लीतलं आमचं घर.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. माझी भर दुपारची आहे. तीनच्या सुमाराची. तीन वाजायच्या आधी माझी मुलगी झोपते आणि मला पाऊण तास मिळतो. त्यातच तुकड्यातुकड्याने लिहितेय. मध्येच तुटलं तर समजून घ्या, यशू उठली असेल.

माझे सासरे जयसिंहराव. आम्ही त्यांना आबा म्हणतो. घराणं दक्खनेतून घोड्यावर बसून इथवर आलेलं. आता माझा नवरा मोहित सिटी सेंटरला बँकेत आहे आणि स्कूटरवर बसतो. घोड्याचं म्हणून घरात उरलं होतं ते आबांचं वेड.

त्या वेडापायी त्यांनी दोन मित्रांबरोबर पुण्यात एक शर्यतीचा घोडा घेतला होता. तांबूस-सोनेरी रंगाचा. नाव ठेवलं जरीपटका.

पहिली दोन वर्षं तो प्रत्येक शर्यतीत शेवटून पहिला आला. मित्र आबांना फोन करून विचारायचे, "काय राव, तुमचा जरीपटका पानिपतावरून निघाला का परत?"

मग एक म्हातारा ट्रेनर आबांना म्हणाला, घोडा मंद नाही, तुमच्या शर्यती आखूड आहेत. याला लांब पळवा.

त्याला अठ्ठावीसशे मीटरला उतरवलं. आणि बाकीचे घोडे दमले, तेव्हा ह्याला आठवलं की आपण घोडा आहोत!

पुढच्या चार वर्षांत पुण्या-मुंबईत त्याने सात मोठ्या पल्ल्याच्या शर्यती मारल्या. प्रत्येक वेळी तसंच. सुरुवातीला सगळ्यांच्या मागे, एकटा, जणू फिरायला आलाय. शेवटचं वळण आलं की मान खाली घालून एकेकाला मागे टाकत यायचा. तो थांबत नाही, एवढंच त्याचं कसब होतं.

आठव्या वर्षी पुढच्या पायाची शीर दुखावली. मित्र म्हणाले विकून टाकू. आबा त्याला ग्वाल्हेरला घेऊन आले. अंगणात जीप उभी राहायची तिथं पत्र्याचं शेड घातलं आणि त्याला रुबाबात 'पागा' म्हणायला लागले.

घोड्याबरोबर त्याची निगा राखणारा साईस आला, दौलतसिंह. मूळचा इकडचाच, भिंडचा. जरीपटका दोन वर्षांचं शिंगरू होता तेव्हापासून त्याच्याच हाताखाली. अकरा वर्षं. मी त्यांना दौलतकाका म्हणायची. जिभेने टक टक आवाज काढला की घोडा कुठूनही त्यांच्याकडे यायचा.

आता दसऱ्याचं सांगते.

आमच्याकडे शस्त्रांबरोबर घोड्याचीही पूजा होते. सकाळी दौलतकाकांनी त्याला धुऊन चकचकीत केला होता. कपाळाला गंध, गळ्यात झेंडू. नातेवाईक पुरणपोळ्या, गूळ, भिजवलेले चणे घेऊन आले होते.

"बहूजी, सबसे एक-एक मुट्ठी. बस," दौलतकाकांनी मला बजावलं. "इसका पेट है, शादी का पंडाल नहीं."

लोकांना आवरायचं काम माझं होतं.

पण सासूबाई म्हणाल्या, "देवाच्या तोंडचा नैवेद्य काढायचा असतो का ग? वर्षातून एकदा तर खातोय."

बाळंतपणानंतर मी पहिल्यांदाच नऊवारी नेसले होते. सगळे म्हणत होते, बघा, सूनबाईच्या हातचं कसं खातो! मला ते आवडलं. मी चण्यांचं अख्खं पातेलं त्याच्यापुढे धरलं.

दुपारी घरातले सगळे शमीपूजनाला गेले. घरात मी, पाच महिन्यांची यशू आणि मागे दौलतकाका.

दोन वाजता त्यांनी हाक मारली.

जरीपटका घामाने भिजला होता. पुढच्या खुराने जमीन उकरत होता. आणि सारखी मान वळवून... स्वतःच्या पोटाकडे बघत होता.

पोटशूळ. घोडा अशात आडवा पडून लोळला की आतडी पिळतात आणि मग काही करता येत नाही. डॉक्टर सणाच्या दिवशी फोन उचलेनात. दौलतकाकांनी स्कूटरची किल्ली मागितली आणि दावं माझ्या हातात दिलं.

"मैं डॉक्टर को उठा के लाता हूँ. आप बस चलाते रहना. कितना भी धीरे चले, रुकना नहीं. बैठने मत देना."

मी चालवलं. पागेभोवती गोल गोल. माझ्या खांद्यावर त्याचा गरम श्वास येत होता. इतका मोठा जीव, पण लहान मुलासारखा मुकाट्याने येत होता मागे.

मग यशू रडायला लागली.

मी दावं खांबाला बांधलं. दोन मिनिटांत येते, असं त्याला सांगितलं. खरंच सांगितलं, त्याच्या कपाळावर हात ठेवून.

आत जाऊन तिला पदराखाली घेतलं. पंखा चालू होता. रात्रभर तिने झोपू दिलं नव्हतं...

मला जाग आली तेव्हा सव्वातीन वाजले होते.

बाहेर अजिबात आवाज नव्हता.

तो खांबाशी पडला होता. दाव्याने मान वर ओढलेली. डोळे उघडे. गळ्यातला झेंडू सगळीकडे विखुरला होता.

लाज मला झोपेची नाही वाटत. आई आहे मी, दमले होते. लाज पुढची आहे.

मी दाव्याची गाठ सोडली. यशूला कडेवर घेऊन, मोकळं टोक हातात धरून उभी राहिले.

थोड्या वेळाने सगळे एकदमच आले. दौलतकाका डॉक्टरांना घेऊन आणि आबा शमीपूजनाहून. आबांच्या मुठीत शमीची पानं होती. घोड्याला पहिलं सोनं द्यायचं, हा त्यांचा नेम.

"कोण होतं याच्याजवळ?"

"मीच होते, आबा. चालवत होते. पण दौलतकाका म्हणाले होते, दमला तर बांधून ठेवा, जरा उभा राहू दे..."

एक वाक्य. माझ्या तोंडून असं सहज आलं की मलाच नवल वाटलं.

दौलतकाकांनी माझ्याकडे बघितलं. मग जमिनीकडे. मग माझ्या कडेवरच्या यशूकडे. तिने त्यांचं बोट पकडलं होतं.

"गलती हो गई, रावसाहब," ते म्हणाले.

आबा त्यांना काय काय बोलले ते मी लिहिणार नाही. त्याच संध्याकाळी वळकटी आणि खरारा घेऊन ते निघून गेले. खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश. आता कुणाला घासणार होते, देव जाणे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं.

आबांचा एक रिवाज होता. रोज दुपारी तीनला टॅबवर जरीपटक्याची पुण्यातली पहिली मोठी शर्यत बघायची. तीन मिनिटांची फिल्म. दहा घोडे. त्यांना टॅब नीट लावता यायचा नाही, म्हणून मी लावून द्यायची. इंग्रजी कॉमेंट्री त्यांना तोंडपाठ होती. दसऱ्यानंतर त्यांनी ती बघितली नव्हती. त्या दिवशी म्हणाले, "लाव ग आज."

मी लावली. शेवटचं वळण आलं. जरीपटका निघाला. एक मागे, दोन मागे, पाच मागे...

आणि तो दुसरा आला.

आबा स्क्रीनकडे बघत राहिले. "दुसरीच कुठली लावलीस का ग?"

दुसरी नव्हती.

संध्याकाळी मोहितने लावून बघितली. "पहिला तर आलाय! तू भी ना, नीलम! झोप काढ जरा."

दुसऱ्या दिवशी मी लावली. तिसरा आला.

मग पाचवा.

मग आठवा.

मोहितने लावली की जिंकायचा. मी लावली की हरायचा. बघायचो आम्ही दोघंच, आबा आणि मी. मोहित म्हणाला, आबांची नजर आणि तुझं जागरण. सासूबाईंनी दोघांची दृष्ट काढली.

आबांचं जेवण कमी झालं. दोन पोळ्यांची एक झाली, मग अर्धी. त्या तीन मिनिटांवर तो माणूस जगत होता हो. एकदा माझा हात धरून म्हणाले, "त्याला कुणीतरी मागे ओढतंय, नीलम. तो मनाने थांबणारा नाही."

मी म्हटलं, "औषध घ्या आबा."

पौषात एक दिवस तो वळणावर आलाच नाही.

नऊ घोडे पुढे धावत गेले. मागे, पार दूरच्या रेलिंगजवळ, एक तांबूस ठिपका होता. मी टॅब डोळ्यांजवळ नेला...

तो उभा होता. अंगावर जॉकी नव्हता.

मान वळवून... स्वतःच्या पोटाकडे बघत होता.

कॉमेंट्री करणारा त्याचं नाव घेतच नव्हता. नऊ नावं. पुन्हा पुन्हा तीच नऊ.

आणि त्याच वेळी मागच्या अंगणातून टापा ऐकू आल्या. धावण्याच्या नाहीत. चालण्याच्या. सावकाश. गोल.

मी मोजल्या नाहीत, पण फेऱ्या कळत होत्या. आवाज लांब जायचा, जवळ यायचा. मग यशू झोपेतून दचकून रडली...

टापा थांबल्या.

मी तिला उचलून खिडकीशी नेलं. अंगणात कुणी नव्हतं. रिकामी पागा, खांब.

यशूचं रडणं थांबलं. ती खांबाकडे बघून हसली. आणि तिने जिभेने आवाज काढला. टक. टक.

तिला तो कुणी शिकवला नव्हता. दौलतकाका गेले तेव्हा ती पाच महिन्यांची होती.

त्या रात्री आबा जेवलेच नाहीत.

माघात मी दौलतकाकांना शोधलं. नया बाजारात एका बँडवाल्याकडे होते. वरातीची घोडी धरायला. अठ्ठावीसशे मीटरचा घोडा तयार करणारा माणूस लाल चिंध्यांची झूल झटकत उभा होता. वरातीला अजून वेळ होता.

"अरे बहूजी! बिटिया कैसी है?" पहिलं हेच.

मी सगळं एका दमात बोलले. बांधलं. झोपले. खोटं बोलले.

"मालूम है," ते म्हणाले. "ज़मीन पे सात चक्कर के निशान थे. सवा घंटे में सात?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बच्ची ने उँगली पकड़ रखी थी. क्या बोलता!"

मी विचारलं, चालवत राहिले असते तर वाचला असता का? मला वाटलं, नाही म्हणतील. मोठी माणसं अशा वेळेला खोटं बोलतात ना, आपल्याला बरं वाटावं म्हणून.

त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला.

"बच जाता, शायद."

मग म्हणाले, "मुझसे क्या कहती हो? मेरा तो जो जाना था, गया. रावसाहब से कहो. वो उस बेचारे घोड़े में खोट ढूँढ रहे होंगे."

मी घरी आले. तीन वाजत होते. आबा टॅब मांडीवर घेऊन माझी वाट बघत होते. मी टॅब उलटा ठेवला आणि त्यांच्या पायाशी बसून सांगितलं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

आबा उठले, कोट घातला, पगडी घातली. पगडी फक्त दसऱ्याला आणि लग्नाकार्यात घालतात. रिक्षा करून नया बाजारला गेले. मोहित सांगतो, भर रस्त्यात, बँडवाल्यांसमोर त्यांनी दौलतकाकांपुढे हात जोडले. दौलतकाका एकदा घरी चहाला येऊन गेले. कामावर परत आले नाहीत. घोडाच नव्हता, कशावर येणार?

आबा माझ्याशी वाईट वागले नाहीत. फक्त बोलणं थांबलं. काही हवं असलं की यशूला सांगतात, "तुझ्या आईला म्हणावं, पाणी दे." हे पाच महिने चाललंय. यशू आता चालायला लागली आहे, तरी निरोप तिच्याकडूनच.

टॅब ते स्वतःच लावायला शिकले. दार लोटून घेतात. मी स्वयंपाकघरात असते. तीन मिनिटांनी आतून टाळी ऐकू येते आणि आबा ओरडतात, "आला! आला माझा वाघ!"

दोन पोळ्या खातात आता. म्हणजे त्यांना तो जिंकताना दिसतो.

पण कॉमेंट्री मलाही ऐकू येते ना भिंतीपलीकडून.

मी रोज मोजते. नऊच नावं.

मोहितला विचारलं, तो म्हणतो दहा आहेत. यशूला विचारता येत नाही. ती मात्र रोज त्या वेळी जागी होते आणि मागच्या दाराकडे बघत बसते. अंगणात टापा सुरू असतात. सावकाश. गोल. माझ्याशिवाय कुणाला ऐकू येत नाहीत. की यशूला येतात?

आजही तीन वाजलेत. हे लिहितेय तोवर पलीकडे शर्यत सुरू झाली आहे.

आणि आत्ता... आबांनी दार उघडलंय. आज यशूला निरोप दिला नाही. पाच महिन्यांत पहिल्यांदा, सरळ मला हाक मारली.

"नीलम, ये ना ग. वळण आलंय. बघ, कसा येतोय!"

आवाजात राग नाही. अगदी पूर्वीसारखा आवाज.

मला जायचंय. खरंच जायचंय.

पण मी आत जाऊन स्क्रीनकडे बघितलं आणि तो पुन्हा थांबला तर...

त्यांनी परत हाक मारली.

मी अजून उठलेले नाही.