झाकून नेलेली होडी

कोल्हापुरात गंगावेशच्या चौकात रिक्षा अडकली, तेव्हा क्रांतीची होडी पुढून चौक ओलांडून गेली होती आणि मागून अजून चौकात यायची होती. सतरा फुटांची लाल कयाक, एकट्या माणसानं वल्हवायची, निमुळती, आणि ती बांधलेली रिक्षाच्या टपावर. आता याला शहाणपणा म्हणायचा का, तर नाही. पण रंकाळा तलावात केंदाळ, म्हणजे जलपर्णी, माजलं होतं, वल्हं टाकलं की हातभर मुळं वर यायची. राज्य संघाची निवड चाचणी गणपती झाल्या झाल्या होती, आणि सराव बंद ठेवून कसं चालेल? तूर्त होडी घरी न्यायची आणि दुसरं पाणी शोधायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं.

"ही काय वरात काढलीया, ताई?" ट्रॅफिकचा पोलीस शिट्टी वाजवत आला. मागं हॉर्नचा नुसता कालवा. भुरभुर पाऊस चालू होता आणि रिक्षावाला, माझा काय संबंध, अशा चेहऱ्यानं बसला होता.

तेवढ्यात मागच्या पिकअपमधून एक तरुण खाली उतरला. दूध कट्ट्यावर दूध घालून परत निघालेला, गाडीत रिकामे कॅन.

"साहेब, द्या हिकडं. माझ्या गाडीत घालतो."

"बसंल का पण?" क्रांतीनं विचारलं.

"न्हाय बसली तर उभी करू."

"होडी उभी करत्यात व्हय?"

"मला काय म्हाईत? आमच्यात म्हसरं हायत, होड्या न्हाईत."

क्रांतीला हसू आवरेना. त्याच्या पापण्यांवर पावसाचे बारीक थेंब अडकले होते, ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. होडी गाडीत चढली. मग या पठ्ठ्यानं उसाची मोळी बांधावी तसा तिच्या पोटावर पाय दिला आणि दोर ओढला.

क्रांतीनं त्याच्या हातावर चापट मारली. "अहो, फुटंल ती. एवढं आवळत न्हाईत."

"मग कशी धरायची?"

"वासराला धरता तशी."

त्यानं एकदा तिच्याकडं बघितलं आणि दोर ढिला केला. त्याचं नाव ऋतुराज. गाव राधानगरीच्या वाटेवर.

होडी घरी पोचली, पण बोलणं काही संपेना. धरणाचं पाणी आमच्याकडं हाय, तिथं सराव करा, हे त्यानंच सुचवलं. मग होडी तिथवर न्यायची कशी, यावर रोज फोन. खरं सांगायचं तर एवढं ठरवायला एक फोन पुरला असता. एसटी म्हटलं तर टपावर सामान चढवायचे दिवस गेले. कुणाची तरी बोलेरो मागावी तर टपाला कॅरिअर नाही.

"ट्रॅक्टरची ट्रॉली?" ती विचारायची.

"कडंला पोचेपर्यंत होडीचा भुगा हुईल."

"मग खांद्यावर घेऊन जाते चालत."

"चाला की. मी मागनं गाडी घेऊन येतो. दमला की बसा."

शेवटी ठरलं त्याच्याच पिकअपचं. त्यानं केबिनच्या मागं लोखंडी चौकट वेल्डिंग करून घेतली, तिला सायकलच्या जुन्या ट्यूबा गुंडाळल्या, वर आईच्या हातची वाकळ अंथरली. होडी पालथी घालायची, दोन ठिकाणी पट्ट्यानं अलगद धरायची, शेपटीला लाल फडकं. आणि या सगळ्यावरून, नाकापासून शेपटीपर्यंत, ताडपत्री. एक तसूही उघडी राहायला नको. क्रांतीला भरून आलं. तिच्या होडीला इतकं कुणी कधी जपलं नव्हतं.

दर रविवारी ते जात. ती पाण्यात उतरली की तो काठावर चपला काढून बसायचा. त्याला पोहता येत नव्हतं. होडी लांब जाऊन ठिपका झाली की उभा राहायचा, आणि ती वळली की पुन्हा खाली बसायचा, जणू काही उठलाच नव्हता. क्रांतीला पाण्यातून ते दिसायचं. अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. एकदा ओल्या हातानं तिनं त्याच्याकडून पाण्याची बाटली घेतली आणि बोटं... जरा जास्तच वेळ तिथं राहिली. त्या रात्री तिनं स्वतःशी कबूल करून टाकलं की आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय.

फक्त एक गोष्ट होती. भोगावती कारखान्याच्या पुढं एक फाटा लागायचा. सरळ गेलं की ऋतुराजचं गाव. त्याचं घर अगदी रस्त्याला लागून, दूध संस्थेच्या शेजारी, हे त्यानंच सांगितलेलं. पण गाडी प्रत्येक वेळी डावीकडं वळायची आणि मोठा वळसा घालून धरणावर पोचायची.

"सरळ रस्त्याला खड्डं हायत," तो म्हणायचा. "होडीला धक्का बसंल."

एका रविवारी त्या वळशाच्या रस्त्यावर दोघं चहाला थांबले. तिथं त्याच्या गावचा एकजण भेटला. त्यानं ताडपत्रीवर थाप मारली. "काय नेतोस रं?"

"पाइपा हायत. पाण्याच्या," ऋतुराज म्हणाला.

"आनि ह्या?"

"गिऱ्हाईक."

क्रांतीच्या हातात चहाचा ग्लास तसाच राहिला. गाडी पुन्हा रस्त्याला लागली. मग तिनं विचारलं, "सरळ रस्त्याला खरंच खड्डं हायत?"

"...न्हाईत."

"आणि ताडपत्री?"

तो समोर बघत राहिला. "गावात लोक आधी आडनाव विचारत्यात, क्रांती."

"विचारू देत की. कांबळे. माझं आडनाव मला पाठ हाय."

"तसं न्हवं गं... आक्काच्या कानावर भलत्याच तोंडातनं गेलं तर ती मोडून पडंल. मीच सांगतो तिला. गणपती होऊ देत फक्त."

गणपती आले, गणपती गेले. आक्काला, म्हणजे त्याच्या आईला, त्यानं काहीच सांगितलं नाही. क्रांतीनं रोज वाट बघितली आणि रोज स्वतःची समजूत घातली. चाचणी धरणावरच होती. आदल्या संध्याकाळी तिनं फोन केला.

"उद्या होडी उघडी न्यायची. सरळ रस्त्यानं. मी तुझ्या शेजारी बसणार. जमणार असंल तरच ये."

सकाळी तो आला, आणि ताडपत्री आणली नव्हती. नवा शर्ट घातला होता. क्रांतीला वाटलं, झालं, जिंकलो आपण, आता चाचणीचं काय व्हायचं ते होऊ दे. वाटेत लोक वळून वळून लाल होडी बघत होते आणि ती बिनकामाची हसत होती. तोही हसला, दोन-तीनदा.

फाट्यावर त्यानं गाडी थांबवली.

इंजिन चालू होतं. वायपर काचेवर इकडून तिकडं जात होते. स्टिअरिंगवरचे त्याचे हात हलेनात.

"क्रांती... आज नको. आज तुझी चाचणी हाय. उगंच कुणी वाकडं बोललं तर तुझं ध्यान राहायचं न्हाय. फुडच्या येळी नक्की."

तो खोटं बोलत नव्हता, हेच वाईट होतं. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि पुढच्या वेळीही खरंच तसंच वाटलं असतं. ती खाली उतरली. मागून मंडपाचे बांबू उतरवून रिकामा निघालेला एक टेम्पो येत होता, लांबलचक. तिनं हात केला. आकाराम नावाचे वयस्कर ड्रायव्हर होते, धरणाच्याच बाजूला निघालेले. त्यांनी होडी बघितली आणि म्हणाले, "घाला की."

होडी ऋतुराजनंच चढवली. पट्टे त्यानंच बांधले, अलगद. शेवटची गाठ मारून झाली तरी हात तिथंच.

"मला तू आवडतीस, क्रांती. लई आवडतीस."

"मला पण तू आवडतोस."

"मग?"

"म्हणून तर उतरले." तिचा आवाज फाटला. "अजून चार-सहा महिने असंच गेलं असतं ना, तर मला तुझा राग आला असता. ते नको हाय मला."

त्यानं गाठीवरचा हात काढून घेतला. टेम्पो सरळ निघाला.

रस्ता चांगला होता. गावात शिरताना गतिरोधकावर टेम्पो आदळला, एक पट्टा सरकला आणि आकारामकाकांनी गाडी बाजूला घेतली. शेजारी दूध संस्था होती. पलीकडच्या दारात कॅन घासत बसलेली एक बाई पदराला हात पुसत उठून आली.

"होडी व्हय गं ही? कुठं निघालीस?"

"धरणावर. चाचणी हाय."

"एकटीच? बया गं." बाई आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. "पी. तोंड सुकलंया तुझं. कुणाची तू?"

तांब्या क्रांतीच्या हातात होता. तिनं मुद्दाम पाणी प्यायच्या आधी सांगितलं, "कांबळे. क्रांती कांबळे. कोल्हापूरची."

बाईनं क्षणभर तिच्याकडं बघितलं. "बरं. मग पी की. थांबलीस का?"

क्रांती प्यायली. 

"आमच्या ऋतुराजची पिकअप हाय," बाई म्हणाली. "सकाळधरनं कुठं गेलाय कुनास ठाऊक. तुझी वळख असती तर त्यानंच सोडलं असतं की. लई गुणाचं हाय पोरगं, कुनाला नगं म्हनत न्हाय."

पाणी देणं वेगळं आणि सून करून घेणं वेगळं, हे क्रांतीला चांगलं कळत होतं. या आक्का उद्या नाही म्हणाल्याही असत्या. रडल्या असत्या, दार लावून घेतलं असतं. पण ते 'नाही' त्यांचं स्वतःचं असतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पट्टा बसला होता. तिनं तांब्या परत दिला.

"येताना थांब हं," आक्का म्हणाल्या. "तवर ऋतुराज येतोय. त्याला दावते तुझी होडी. त्यानं जन्मात बघितली नसंल."

"व्हय," क्रांती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. गाव मागं पडेपर्यंत तिनं स्वतःला कसंबसं आवरलं. मग आकारामकाकांच्या शेजारी बसून ती हुंदके देऊन रडली, आणि त्यांनी काही न विचारता गाडी जरा सावकाश केली.