कारखान्याखालचा ओढा

टेकडीच्या पायथ्याशी उगम पावलेला ओढा मळ्यांमधून वळणं घेत, गुरांची तहान भागवत खाली यायचा आणि खुर्च्यांच्या बंद कारखान्यापाशी जमिनीखाली गडप व्हायचा. जुन्या मालकाने त्याला फरशीखालच्या बोगद्यात कोंबलं होतं. मागच्या भिंतीतून तो पुन्हा उजेडात यायचा.

आता ती फरशी फोडून ओढा मोकळा करायचं काम ताईकडे आलं होतं आणि ताईचे पाय जमिनीवर नव्हते. का असावेत? याच कारखान्यात तिचे बाबा लेथवर खुर्च्यांचे पाय कातायचे. त्यांच्या हातचं लाकूड गालावरून फिरवावं, कुसळ म्हणून लागायचं नाही. ओबडधोबड वस्तू दिसली की त्यांना चैन पडत नसे. शेजाऱ्यांची खाटसुद्धा न विचारता घासून द्यायचे. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यांचं नाव निघालं की ताईची मान ताठ व्हायची.

फोडण्याआधी बोगदा तुंबलेला नाही ना, हे बघायचं होतं. धाकटा भाऊ वरच्या तोंडाशी लाकडाचे ठोकळे सोडणार आणि ताई खालच्या तोंडाशी ते टिपणार, असं ठरलं. दुपारचं लख्ख ऊन होतं.

"सोडला गं ताई!"

बराच वेळ काही आलं नाही. मग आतून बारीक घरघर ऐकू आली. ओल्या भिंतीतून ताज्या भुशाचा वास आला आणि ठोकळा तरंगत बाहेर आला. ताईने उचलला. तो कोमट होता, खुर्चीच्या पायासारखा गुळगुळीत कातलेला, आणि वरच्या बाजूला नाजूक दुहेरी कडं होतं. तसं कडं बाबांशिवाय कुणाला जमायचं नाही.

तिने हाक मारली तसा धाकटा धावत आला.

"हे... बाबांचंच काम गं."

"मग कुणाचं असणार?" ताईचे डोळे भरून आले होते. "जा, अजून सोड!"

तो सोडत गेला, ती वेचत गेली. काठावर खुर्च्यांचे पाय ओळीने मांडताना तिचा ऊर अभिमानाने असा भरला होता की भीतीला आत जागाच नव्हती. मग एका ठोकळ्यामागून ओढ्यातला दगड घरंगळत आला. तोही कातलेला होता.

ताईच्या अंगावर सर्रकन काटा आला. आत जे होतं, ते लाकूड आणि दगड यांत फरक करत नव्हतं.

"पुरे रे! आता काही सोडू नकोस!"

"ताई, मी आत उतरतोय... बाबांना बघून येतो..."

"अरे, नको! थांब!"

ती वर धावणार, तोच घरघर सुरू झाली. या वेळी ती खोल होती आणि थांबता थांबेना. ताई गुडघाभर पाण्यात उभी राहून त्याला हाका मारत राहिली.

धाकटा चालत बाहेर आला. हसत होता. लहानपणच्या कांजिण्यांचे गालावरचे खड्डे कुठे दिसत नव्हते. तिने त्याचे हात हातात घेतले. तळव्यावर एकही रेघ नव्हती, बोटांना नखं नव्हती. तरीही तिच्या मनात पहिलं आलं ते हेच, की काम किती सुबक झालंय.

आतली घरघर अजून चालूच होती.

"ताई," तिच्या तळव्यावरून अंगठा फिरवत तो हलकेच म्हणाला, "तुझा हात किती खरखरीत आहे गं..."